रीमास्टर कलेक्शन घेताना आपण नेमकं काय विकत घेतो?

२०२१ मध्ये सहा महिन्यांच्या अंतराने जुन्या व्हिडिओ गेमची, आजच्या यंत्रांसाठी सुधारलेली, दोन मोठी कलेक्शनं आली. मे महिन्यात ‘मास इफेक्ट लेजंडरी एडिशन’ आणि नोव्हेंबरमध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: द ट्रिलॉजी – द डेफिनिटिव्ह एडिशन’ (पुढे नुसतं जीटीए). दोन्हींत तीन-तीन गेम. दोन्ही मालिकांवर लोकांचा जीव. दोन्हींमागच्या कंपन्यांना पैशाची ददात नाही. तरी पहिल्याचं कौतुक झालं आणि दुसऱ्यासाठी रॉकस्टार या कंपनीला आठ दिवसांत जाहीर माफी मागावी लागली. पाऊस सुरू झाला की पडद्यावर पांढऱ्या रेघोट्यांची अशी गर्दी व्हायची की पुढचा रस्ता दिसेना. पाट्यांवरची अक्षरं चुकलेली. एका डोनटच्या दुकानावर मूळ गेममध्ये बोल्टवर बसतो तसला मोठा षटकोनी नट होता. दुकानाचं नावच ‘टफ नट’, म्हणून तो विनोद. नव्या आवृत्तीत कडा गुळगुळीत करता करता त्या नटाची नुसती गोल चकती झाली. ती वस्तू मुळात काय आहे, हे कोणी पाहिलंच नव्हतं.

गंमत म्हणजे चित्रं मोठी आणि स्वच्छ करायला एआय दोन्हीकडे वापरलं होतं. मास इफेक्टमध्ये त्यानंतर कलाकार स्वतः बसले आणि एकेक गोष्ट हाताने सुधारत गेले. शिवाय मास इफेक्ट करणाऱ्या बायोवेअरकडे २००७, २०१० आणि २०१२ च्या आपल्याच मूळ गेमचं साहित्य होतं. गेम ज्या सांगाड्यावर चालतो ते जुनं अनरिअल इंजिन ३ त्यांनी सोडलंही नाही, कारण नव्या इंजिनावर जायचं तर बराचसा गेम पुन्हा बांधावा लागला असता. जीटीएचं काम मिळालेल्या ग्रोव्ह स्ट्रीट गेम्सने पूर्वी वेगळ्या नावाने याच गेमच्या मोबाइल आवृत्त्या केल्या होत्या. नवं कलेक्शन उभं राहिलं ते त्या मोबाइल आवृत्त्यांच्या पायावर. फोनसाठी काटछाट करताना जे गेलं, ते मोठ्या टीव्हीवर आपोआप परत थोडंच येणार?

जुना गेम चांगला होता, हे बहुतेक वेळा आपल्याला माहीत असतं. तेवढ्यावर कलेक्शनची किंमत ठरत नाही. पैसे मोजायचे असतात ते त्या गेमला आजच्या यंत्रावर आणण्याच्या कामाचे. म्हणून विचारायचं एवढंच: हे काम कोणी केलं, आणि सुरुवात करताना त्यांच्या हातात काय होतं?

एकाच शिक्क्याखाली तीन कामं

कलेक्शन म्हणून जे विकलं जातं, त्यात ढोबळमानाने तीन प्रकारची कामं येतात.

पहिलं एम्युलेशन. गेमला हात लावायचा नाही. जुन्या कन्सोलचं (टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्राचं) सोंग घेणारा प्रोग्रॅम नव्या कन्सोलवर चालवायचा आणि त्यात मूळ गेम सोडायचा. निन्टेन्डोचं ‘सुपर मारिओ थ्रीडी ऑल-स्टार्स’ (२०२०) मुख्यतः या जातीचं. रिझोल्यूशन वाढलं, पण ‘सुपर मारिओ ६४’ पडद्याच्या मधोमध जुन्या चौकोनी चौकटीतच राहिला. यावर बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. माझं मत जरा वेगळं आहे. एम्युलेशन म्हणजे आळस, असं नाही. गेम जसा होता तसा मिळण्याचा तो सर्वांत भरवशाचा मार्ग आहे, फक्त त्याच्या जोडीला बाकीची मेहनत हवी. डिजिटल एक्लिप्स या स्टुडिओचं ‘अटारी ५०’ (२०२२) पाहा. त्यातले गेम आज सुटे सुटे कोणी पैसे देऊन घेणार नाही. पण कालपट्टीवर सरकत जावं, मुलाखत पाहावी, जुनी कागदपत्रं वाचावीत आणि तिथल्या तिथे तो गेम खेळावा, अशी मांडणी असल्यामुळे कलेक्शनला वजन आलं. याच स्टुडिओच्या ‘काउअबंगा कलेक्शन’मध्ये निन्जा टर्टल्सचे तेरा गेम आहेत आणि सोबत खोक्यांची चित्रं, माहितीपुस्तिका आणि आराखडेही आहेत.

दुसरं काम म्हणजे खरंखुरं रीमास्टर. मूळ कोड घ्यायचा, नव्या यंत्रावर चालेल असा करायचा, चित्रं आणि आवाज सुधारायचे. मास इफेक्ट इथलं. वादाचे प्रसंग सर्वाधिक इथेच घडतात, कारण सगळं हातात काय आहे यावर अडतं.

तिसरं काम रीमेकचं. ‘क्रॅश बँडिकूट एन. सेन ट्रिलॉजी’ (२०१७) दिसायला जुन्यासारखीच आहे, पण मुळापासून नव्याने बांधलेली. ती खेळताना जुन्या खेळाडूंच्या पहिल्यांदा लक्षात आली ती उडी. तीच फळी, तेवढंच अंतर, तरी क्रॅश काठावरून घसरायचा. शेवटी स्टुडिओनेही मान्य केलं की उडी आणि टक्कर मोजण्याची पद्धत मूळ गेमपेक्षा वेगळी आहे. २०२५ च्या ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर ३+४’ मध्ये तर चौथ्या गेमची रचनाच बदलली. मुळात मोकाट फिरायचं, भेटेल त्याच्याकडून काम घ्यायचं. नव्यात घड्याळ लावून दोन मिनिटांच्या फेऱ्या. खेळायला वाईट नाही. मात्र ज्याला चौथा गेम हवा होता त्याला तो मिळाला नाही.

मूळ सापडत नाही तेव्हा

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, कंपनीकडे सगळं जपून ठेवलेलं असणार. तसं नसतं. नव्वदच्या आणि त्यानंतरच्या दशकातही गेम विकून झाला की सोर्स कोड, म्हणजे गेमचा लिहिलेला मूळ प्रोग्रॅम, कुठल्या तरी टेपवर पडून राहायचा. टेप खराब व्हायची, स्टुडिओ बंद व्हायचा, लोक पांगायचे. निगेटिव्ह हरवलेल्या फोटोची जी गत, तीच मग गेमची: छापलेल्या प्रतीचाच फोटो काढायचा आणि त्यावर हात फिरवायचा.

‘सायलेंट हिल एचडी कलेक्शन’ (२०१२) हे याचं कायम दिलं जाणारं उदाहरण. काम करणाऱ्या स्टुडिओच्या हातात पडलेला कोड बाजारात गेलेल्या अंतिम आवृत्तीचा नव्हताच. मूळ टीमने शेवटच्या टप्प्यात दुरुस्त केलेल्या चुका पुन्हा निस्तराव्या लागल्या आणि वर नव्या चुकांची भर पडली. त्या मालिकेचा प्राण असलेलं धुकं विरळ झालं आणि ज्या गोष्टी मुद्दाम झाकल्या होत्या त्या उघड्या पडल्या. एका पाटीवर तर शाळकरी सूचनाफलकाला शोभेल असा कॉमिक सॅन्स वळणाचा फॉन्ट आला. भयकथेच्या गावात!

‘किंगडम हार्ट्स’चंही मूळ साहित्य हरवलं होतं. तिथे २०१३ च्या कलेक्शनसाठी बऱ्याच गोष्टी नव्याने तयार केल्या गेल्या आणि परिणाम चांगला आला. मास इफेक्टमधूनही एक भाग गळलाच: ‘पिनॅकल स्टेशन’ या छोट्या डीएलसीचा (मागाहून विकलेल्या जोडभागाचा) सोर्स कोड खराब झालेला निघाला, म्हणून तो वगळला आणि तसं आधीच सांगितलं. मूळ हरवणं हा गुन्हा नाही. हरवलं असताना वेळ किती दिला आणि गिऱ्हाईकाला खरं किती सांगितलं, यावर मी कंपनीला जोखतो.

जास्त स्वच्छ म्हणजे जास्त चांगलं?

ट्रेलरमध्ये पडदा दुभंगून दाखवतात: डावीकडे जुनं धूसर, उजवीकडे नवं लख्ख. पण जुने गेम करणाऱ्यांनी त्या काळच्या यंत्रांच्या मर्यादा गृहीत धरूनच चित्रं काढली होती. मर्यादा काढून घेतली की कधी कधी चित्रच मोडतं.

सेगाच्या मेगा ड्राइव्ह या जुन्या कन्सोलवरच्या ‘सॉनिक’मधला धबधबा घ्या. यंत्राला पारदर्शक पाणी दाखवता येत नव्हतं. कलाकारांनी एक सोडून एक उभी रेघ काढली. जुन्या टीव्हीची केबल सिग्नल थोडा फासायची, रेघा एकमेकींत मिसळायच्या आणि पाण्यामागचे खडक झिरपून दिसायचे. आजच्या पडद्यावर प्रत्येक पिक्सेल धारदार, त्यामुळे धबधब्याच्या जागी गज दिसतात. म्हणून कलेक्शनमध्ये जुन्या टीव्हीचा परिणाम देणारा फिल्टर असेल तर तो हौसेचा भाग समजू नका. मेगा ड्राइव्हच्या, म्हणजे सोळा-बिट, काळाच्या गेममध्ये तो मला जवळजवळ आवश्यक वाटतो.

धुक्याचंही तेच. जीटीएच्या तिघांपैकी ‘सॅन आंद्रेआस’मध्ये २००४ च्या कन्सोलला लांबचं दृश्य झेपत नव्हतं, म्हणून क्षितिजावर धूसरपणा होता. त्यामुळे तीन शहरांमध्ये अफाट अंतर असल्याचा भास व्हायचा. डेफिनिटिव्ह एडिशनने धूसरपणा काढला आणि डोंगरावरून पाहिलं तर अख्खं राज्य एका नजरेत मावायला लागलं. नकाशा तेवढाच होता. फसवणूक मात्र सुंदर होती, ती गेली.

वेगाची भानगड आणखी खोलवर असते. चित्र (फ्रेम) सेकंदाला ३० वेळा बदलायचं, ते ६० वेळा केलं की हालचाल मऊ होते, हे खरं. पण गेमचे आतले हिशेब त्या ३० वर बेतलेले असतील तर? ‘डार्क सोल्स २’ मध्ये शस्त्राची झीज फ्रेमच्या गणितात अडकली होती. ६० फ्रेमवर शस्त्रं दुप्पट वेगाने झिजायला लागली. पुढे पॅच (दुरुस्तीचा अपडेट) देऊन ते दुरुस्त केलं. उलट बाजूचं उदाहरण सोनीच्या २०१८ च्या छोटेखानी ‘प्लेस्टेशन क्लासिक’चं. त्यातल्या २० पैकी ९ गेमच्या युरोपी आवृत्त्या टाकल्या होत्या. युरोपातले टीव्ही ५० हर्ट्झवर (सेकंदाला ५० वेळा) चालत, अमेरिका-जपानचे ६० वर, त्यामुळे युरोपी आवृत्त्या बहुधा मंद चालायच्या. मारामारीच्या गेममध्ये तो मंदपणा हाताला लगेच कळतो.

या सगळ्यावर मला एक कसोटी उपयोगी वाटते: एका बटणावर जुनं रूप दिसतं का? ‘कमांड अँड कॉन्कर रीमास्टर्ड कलेक्शन’ (२०२०) मध्ये स्पेस बार दाबला की चालू लढाईतच १९९५ चे पिक्सेल समोर येतात. पुन्हा दाबला की नवी चित्रं. हे काम मूळ गेम करणाऱ्या वेस्टवुडमधल्या जुन्या मंडळींच्या पेट्रोग्लिफ स्टुडिओने केलं, जुन्या संगीतकाराला बरोबर घेतलं आणि गेमच्या गाभ्याचा सोर्स कोड लोकांसाठी खुलाही केला. त्यातही मधल्या चित्रफितींच्या मूळ टेप मिळाल्या नाहीत, म्हणून हाती असलेल्याच एआयने मोठ्या केल्या आहेत आणि त्या यथातथाच दिसतात. तरी कलेक्शन कसं करावं हे कोणी विचारलं तर मी आधी हेच नाव घेतो. ज्याला आपल्या कामाची खात्री असते, तो मूळ कृती शेजारी ठेवायला घाबरत नाही.

कसोटी पूर्ण निर्दोष नाही, हेही सांगायला हवं. ‘हेलो’च्या पहिल्या गेमच्या रीमास्टरमध्येही असं बटण आहे. पण त्यातलं ‘जुनं’ रूप खऱ्या मूळ एक्सबॉक्स गेमचं नव्हतं. पीसीवर नेताना काही दृश्यपरिणाम गळालेल्या आवृत्तीवरून ते आलं होतं. मूळ दिसणं परत यायला २०२१ उजाडलं.

जे गपचूप काढून टाकलं जातं

गाणी, जाहिराती, ब्रँडची नावं यांचे हक्क ठरावीक काळापुरते घेतलेले असतात. मुदत संपली की पुन्हा पैसे द्या, नाहीतर काढा. ‘क्रेझी टॅक्सी’ २०१० मध्ये परत आला तेव्हा ज्या रॉक गाण्यांमुळे तो लक्षात राहिला ती गाणीच नव्हती. जीटीएच्या रेडिओवरूनही बरीच गाणी गेली. ‘सॉनिक ओरिजिन्स’ (२०२२) मध्ये तिसऱ्या गेमच्या काही टप्प्यांना वेगळंच संगीत आहे. मास इफेक्टच्या तिसऱ्या भागातलं मल्टिप्लेअर (अनेकांनी मिळून खेळायचा भाग) वगळलं आहे. खोक्यावर ‘संपूर्ण’ लिहिलेलं असलं तरी काय नाही याची यादी वेगळी शोधावी लागते, आणि ती चाहत्यांनी पहिल्याच आठवड्यात केलेली असते.

याहून मला खटकते ती दुसरी रीत. नवं कलेक्शन आणायचं आणि जुनी स्वस्त आवृत्ती दुकानातून उचलायची. ‘सॉनिक ओरिजिन्स’ येण्याच्या महिनाभर आधी सेगाने ते गेम सुटे विकणं बहुतेक डिजिटल दुकानांत थांबवलं. ‘वॉरक्राफ्ट ३: रीफोर्ज्ड’ (२०२०) ने तर ज्यांनी नवं घेतलंच नव्हतं त्यांच्याही जुन्या गेमवर नवा सांगाडा चढवला, एवढी ओरड झाली की ब्लिझार्डने पैसे परत द्यायची सोय केली. मारिओचं कलेक्शन २०२१ च्या मार्चअखेर मुद्दाम विक्रीतूनच काढलं. ‘आता घ्या नाहीतर विसरा’ अशी घाई करणाऱ्या मालाकडे मी एरवी पाठ फिरवतो, पण इथे कंपनी खरंच तसं करते.

दुसरी बाजूही आहे. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये मांडलं की अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात मिळतच नाहीत. ‘मेटल गिअर सॉलिड’चे दुसरा आणि तिसरा भाग २०२१ च्या नोव्हेंबरात डिजिटल दुकानांतून काढले गेले, कारण त्यातल्या ऐतिहासिक चित्रफितींचे परवाने संपले होते. २०२३ चं ‘मास्टर कलेक्शन’ मुख्यतः २०११ च्याच एचडी आवृत्तीवर उभं आहे, त्यामुळे चकचकीत काही मिळत नाही. तरी ज्याने ते गेम कधी खेळलेच नाहीत, त्याला जुनं कन्सोल आणि घासलेली डिस्क शोधत फिरण्यापेक्षा हे बरं.

घ्यायचं तर कधी, आणि कोणी

पहिल्या दिवशी घेऊ नका. नव्या गेमच्या बाबतीत उत्सुकता समजू शकतो, पण वीस वर्षं थांबलेला गेम आणखी चार महिने थांबेल. ‘हेलो: द मास्टर चीफ कलेक्शन’ २०१४ मध्ये आलं तेव्हा ऑनलाइन सामने जुळतच नव्हते, भरपाई म्हणून सुरुवातीच्या खेळाडूंना एक अख्खा गेम फुकट द्यावा लागला. २०१८ पासून त्याची नीट डागडुजी झाली आणि आज ते या प्रकारातल्या उत्तम कलेक्शनांपैकी एक आहे. ‘फायनल फँटसी’च्या पिक्सेल रीमास्टरमधल्या बारीक फॉन्टवर २०२१ मध्ये टीका झाली, २०२३ च्या कन्सोल आवृत्तीत फॉन्ट बदलायची आणि जुनं संगीत निवडायची सोय आली. जीटीएलाही २०२४ च्या नोव्हेंबरात जुन्या गेमसारखी प्रकाशयोजना मिळाली. थांबणाऱ्याला गेमही चांगला मिळतो आणि बहुधा स्वस्तही.

मूळ गेम तुमच्याकडे असेल आणि चालत असेल, तर आधी तोच सुरू करून पाहा. पीसीवर तर चाहत्यांनी केलेले मोफत मॉड (गेममध्ये घालायचे बदल) अधिकृत आवृत्तीपेक्षा सरस असल्याची उदाहरणं आहेत. ‘सायलेंट हिल २’ त्यातलंच. शिवाय कधी कधी सुधारणा फुकटही मिळते: २०२१ मध्ये ‘क्वेक’ची नवी आवृत्ती स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात जुना गेम असलेल्यांना तशीच दिली गेली. पहिल्यांदाच खेळणाऱ्याचं गणित सोपं आहे. त्याला उडी मुळात किती लांब होती याचं सोयरसुतक नसतं. त्याने फक्त मोठ्या चुका सुधारल्यात का ते पाहावं. आठवणींसाठी घेणाऱ्याने मात्र कोणीतरी न थांबता, बडबड न करता खेळलेला अर्ध्या तासाचा व्हिडिओ पाहावा. ट्रेलरपेक्षा त्यात जास्त कळतं. स्टीमवर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. हाताला काहीतरी चुकतंय हे कळायला दोन तास भरपूर होतात. कन्सोलच्या दुकानांत एवढी मोकळीक सहसा नसते.

डिस्क किंवा कार्ट्रिज घेणार असाल तर खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. ‘स्पायरो रीइग्नायटेड ट्रिलॉजी’च्या डिस्कवर पहिला गेम होता, उरलेले दोन डाउनलोड करायचे. निन्टेन्डो स्विच या कन्सोलवरच्या ‘मेगा मॅन लेगसी कलेक्शन १+२’ मध्ये कार्ट्रिजवर पहिलं कलेक्शन आणि दुसऱ्यासाठी कोड. तो कोड एकदा वापरला की संपला, त्यामुळे अशी खोकी जुन्या बाजारात घेताना आपल्याला सगळे गेम मिळणार नाहीत हे धरूनच भाव करावा.